दुधाळ्याची नळी आणि पडद्यावरचे उत्तर



हिंगोली जिल्ह्यातल्या परिषदेत सॉलिड मेकॅनिक्सवर बोलायचे, तर औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला बगल देता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ही वेधशाळा. बातम्यांत कृष्णविवरे गाजतात. अभियंत्यापुढे आधी एक नळी येते.

अमेरिकेतल्या लायगोत लेसर जिच्यातून धावतो ती स्टेनलेस स्टीलची नळी सुमारे १.२ मीटर व्यासाची, आणि जाडी जेमतेम ३ मिलिमीटर. आत निर्वात, बाहेर वातावरणाचा दाब. विद्यार्थी या नळीचे मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये घालतो आणि साधे लिनियर अ‍ॅनालिसिस चालवतो. स्ट्रेस येतो सुमारे २० मेगापास्कल. स्टीलची यील्ड मर्यादा १७० च्या आसपास. आठपट ताकद हाताशी, डिझाइन पास!

प्रत्यक्षात अशी लांबलचक, विनाआधार नळी वातावरणाच्या दाबाच्या साधारण पंधराव्या हिश्श्यातच चेपते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीतली हवा ओढून घ्यावी, तशी. सॉफ्टवेअर चुकलेले नसते. बकलिंगचा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. म्हणून तर त्या नळीला ठरावीक अंतरावर बाहेरून रिंगा जोडलेल्या असतात. रिंगांसह बकलिंग तपासले तरी काम संपत नाही: मॉडेलमधली नळी अचूक गोल असते, वेल्डिंग करून आलेली किंचित लंबगोल. तेवढ्या वाकडेपणानेही सहनशक्ती घटते, आणि तो मॉडेलमध्ये मुद्दाम घालावा लागतो.

मग मेशचा, म्हणजे मॉडेल ज्या लहान तुकड्यांत विभागतो त्या जाळीचा, प्रश्न.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत ‘स्लाइपनर ए’ या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान समुद्रात बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. चौकशीत दिसले, की पायातल्या कोठ्यांच्या जोडाजवळची मेश ढोबळ आणि वेडीवाकडी होती. शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी धरला गेला, आणि तिथले लोखंडही अपुरे पडले. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे सांगितले. ती फुटली होती ६५ मीटरवर.

यावरून मेश बारीक केली की झाले, असा समज होतो. तो अर्धाच खरा. रिंग नळीला मिळते तो आतला कोपरा मॉडेलमध्ये टोकदार ठेवला, तर मेश जितकी बारीक तितका तिथला स्ट्रेस वाढत जातो. कुठे थांबतच नाही. तिथे वेल्डची खरी गोलाई द्यावी लागते, किंवा कोपऱ्यापासून थोड्या अंतरावरचा आकडा घ्यावा लागतो.

आधारांचेही तसेच. तळाला ‘फिक्स्ड’ देणे एका क्लिकचे काम. पण मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीने ४.५ तीव्रतेचा भूकंपही अनुभवला आहे. पायाखालची जमीन मॉडेलमध्ये नसेल, तर कंपनांचे आकडे कागदावरच राहतात.

म्हणून या परिषदेच्या निबंधवाचनात सॉफ्टवेअरने काढलेल्या प्रत्येक रंगीत चित्राशेजारी तीन गोष्टी याव्यात, ही अध्यक्षपदावरून सूचना: हाताने काढलेला एक ढोबळ आकडा, किमान तीन मेशची उत्तरे, आणि आधार तसेच का धरले याचे दोन ओळींत कारण. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांनाही महाविद्यालयांनी हाच नियम लावावा. गुण त्यावरच द्यावेत.