दूध, गहू, अंडं, शेंगदाणा वगळून न्याहारी

आमच्या गटातल्या एकीच्या मुलीला दूध, गहू, अंडं आणि शेंगदाणा या चारही गोष्टींची अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि घरात पहिला प्रश्न आला तो सकाळचाच. पोळी नाही, बिस्कीट नाही, दूध नाही, मग पोरीनं खायचं काय? आज त्याबद्दलच बोलू या.

खरं तर गहू-दुधाशिवायची न्याहारी आपल्याला नवी नाही. कोकणातलं घावन घ्या. वाटीभर तांदूळ रात्री भिजत घालायचे, सकाळी मिक्सरमधून अगदी बारीक वाटायचे, मीठ घालून ताकाइतकं पातळ करायचं. तवा चांगला तापवून कडेकडेनं पीठ ओतत मध्ये यायचं आणि झाकण ठेवायचं. पहिलं घावन बहुतेक वेळा चिकटतंच, ते आपलं! सोबत नारळाचा रस आणि गूळ.

नाचणीचंही तसंच. रात्री भिजवून वाटायची, पाणी आणि गूळ घालून मंद आचेवर ढवळत शिजवायची. लहानग्यांसाठी गाळून घ्या, पण चोथ्याबरोबर पोषणही थोडं जातं, म्हणून मोठ्या मुलांना न गाळता द्या. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध बंद असलेल्या मुलांना त्याचा उपयोग आहे, तरी दुधाची सगळी भर नाचणी काढणार नाही. ते डॉक्टरांना विचाराच. उकडीत ताकाऐवजी लिंबू पिळा, पोह्यांत शेंगदाण्यांच्या जागी मटार घाला.

पदार्थ सोपे आहेत. घात होतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी. आम्ही तांदूळ आणि नाचणी घरीच वाटायला सांगतोय, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर तो आपल्या पिठात उतरतो. फोडणीतला हिंग बघा. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं; डबीवर वाचा, नाहीतर त्या घरात फोडणी जिऱ्या-कढीपत्त्याचीच बरी. ज्या उलथन्यानं पोळी उलटली त्यानंच घावन काढायचं नाही. शेजारीण सांगते, गाईचं सोसत नाही तर शेळीचं द्या. तसं करू नका, दोन्ही दुधांतली प्रथिनं बरीच सारखी असतात. तुपातही दुधाचा अंश राहू शकतो.

विकतच्या पाकिटावर गहू, दूध, अंडं, शेंगदाणा, सोयाबीन असे अ‍ॅलर्जीचे मुख्य घटक छापण्याचा नियम 2020च्या लेबलिंग नियमावलीत आहे. तिळाचं नाव मात्र त्या खास यादीत नाही. तीळ चालत नसतील तर घटकांची सगळी ओळ वाचायला हवी.

आता घरातल्या मोठ्यांचं. ‘एवढ्याशानं काय होतंय, खाऊन खाऊनच सवय होते,’ हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण काही मुलांना एवढंसंच पुरतं. सासूबाईंशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, आमच्या मैत्रिणीला त्याचाच उपयोग झाला. याउलट, अंगावर एकदा पुरळ आलं म्हणून मनानंच चार पदार्थ बंद करणंही बरं नव्हे. वाढत्या मुलाचं त्यात नुकसान होतं.

खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घरघरला, उलट्या लागल्या किंवा मूल मलूल पडलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं असेल तर सांगितल्याप्रमाणे ते लगेच मांडीत द्या, 108 ला फोन करा आणि मुलाला आडवं ठेवा, चालवू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या. नंतर बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका.

आणि एक. घावन करायचं तर सगळ्यांनाच करा. एकटीच्या ताटात वेगळं आलं की पोरं हिरमुसतात. शाळेत बाईंकडे तिच्या नावाचा डबा ठेवून द्या, घरी केलेल्या राजगिऱ्याच्या वड्यांचा. म्हणजे कुणाच्या वाढदिवसाला वर्गात केक आला, तर तिच्याही हातात काहीतरी गोड असेल.