गल्ली सुटल्यावरचा रॅपर

डिव्हाइनचा नवा अल्बम आला की चाहत्यांचा निकाल त्याच रात्री लागतो, आणि तो बहुतेक वेळा एका वाक्याचा असतो: ‘पहिल्यासारखा नाही राहिला.’ येडशीच्या चौकातला कट्टा असो की अंधेरीतला, वाक्य तेच. ते खोटं असतं असं नाही. फक्त ज्या पहिल्याशी तुलना चालली आहे तो नेमका कोणता, हे बोलणाऱ्यानंही पुष्कळदा तपासलेलं नसतं.

डिव्हाइन म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस, अंधेरीच्या जे. बी. नगर भागात वाढलेला. शाळेतल्या एका मित्राच्या टी-शर्टवर फिफ्टी सेंट हा अमेरिकन रॅपर छापलेला होता. या संगीताची ओळख त्याला तिथून झाली. सुरुवातीला तो इंग्रजीत रॅप करायचा. मग तो मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीकडे वळला, मराठी शब्द बिनदिक्कत पोटात घेणाऱ्या हिंदीकडे, आणि चित्र पालटलं. २०१३ मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरबरोबर ‘मेरे गली में’ आलं. या नेझीनं त्याच्या आदल्याच वर्षी ‘आफत’ या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर चित्रित केला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि ज्यांनी रॅप कधी ऐकला नव्हता त्यांच्याही तोंडी ही गाणी आली.

आता तारखा नीट पाहाव्यात. डिव्हाइनचा पहिला पूर्ण अल्बम ‘कोहिनूर’ आला तो २०१९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ‘ये मेरा बॉम्बे’नंतर तब्बल सहा वर्षांनी. त्यानंतर २०२० मध्ये ‘पुण्य पाप’, २०२२ मध्ये ‘गुनहगार’ आणि २०२४ मध्ये पंजाबी गायक करण औजलाबरोबर ‘स्ट्रीट ड्रीम्स’. जुने चाहते ज्या सुवर्णकाळाची आठवण काढतात, त्या काळात त्याचा एकही पूर्ण अल्बम नव्हता. होती ती सुटी गाणी, आणि त्यातलीही गाजलेली चार-पाचच आज स्मरणात आहेत. एका बाजूला आठ-दहा गाण्यांचा सलग अल्बम, दुसऱ्या बाजूला काळानं निवडून दिलेली चार गाणी. अशा सामन्यात अल्बम हरणारच. सुट्या गाण्याला तीन मिनिटांत माणूस पकडायचा असतो. अल्बमला चढ-उतार लागतात, एखादं गाणं मुद्दाम खालच्या पट्टीत ठेवावं लागतं, पुढच्याला जागा करून द्यावी लागते. ते मधलं शांत गाणं वेगळं काढून ऐकलं तर फिकं वाटतं.

आपल्या येडशीच्या भागात ऐकण्याची एक जुनी सवयही आहे. तुळजापूर इथून फार लांब नाही. संबळ वाजला की गोंधळी कोणतं आख्यान लावणार, हे समोरच्या म्हाताऱ्या माणसांना आधीच ठाऊक असतं. तेच आख्यान वर्षानुवर्षं ऐकलं तरी ‘नवीन काहीतरी सांगा’ असं कुणी म्हणत नाही. उलट एखादा प्रसंग गाळला तर टोकतात. रॅपरची अडचण अशी की त्याच्याकडून दर दोन वर्षांनी नवं मागितलं जातं आणि ते जुन्यासारखंच हवंही असतं. शिवाय गोंधळी देवीची आणि राजांची कथा सांगतो, रॅपर बहुतेक वेळा स्वतःची. कथा सांगणाऱ्याचं आयुष्यच बदललं, तर कथेनं काय करावं?

खरा घोळ इथे आहे. ‘गल्ली’ हेच ज्याचं भांडवल, तो गल्लीतून बाहेर पडला की चाहत्यांना फसवल्यासारखं वाटतं. पण यश मिळवलेल्या माणसानं अजून आपण खोलीत सातजण झोपतो असं गाणं लिहिलं, तर तेच खोटं ठरेल. त्यामुळे कलाकाराची गरिबी शिल्लक आहे का, ही परीक्षाच चुकीची आहे. परीक्षा तपशिलाची असावी. सुरुवातीची गाणी अंगावर आली ती त्यात हाल होते म्हणून नव्हे. त्यात ठरावीक जागा होत्या, ठरावीक माणसं होती, आणि ती कशी बोलतात ते बारकाईनं टिपलेलं होतं. नव्या गाण्यात गाडी, घड्याळ, पैसा आला तर येऊ दे. पण ती गाडी कुणाचीही असू शकेल अशी असेल, तर गाणं पडलं. त्या गाडीत बसताना त्याच माणसाला काय खटकतं, हे त्यात आलं असेल, तर गाणं उभं राहिलं.

या मापानं ‘पुण्य पाप’ हा अल्बम त्याला मिळालेल्या शेऱ्यांपेक्षा बराच वरचा आहे. ख्रिस्ती घरात वाढलेला मुलगा, यशानंतरची सोबत, सुटलेले आणि टिकलेले मित्र, आणि आपण नेमके कुठल्या बाजूचे हा त्याला पडलेला प्रश्न: हे २०१३ च्या डिव्हाइनला लिहिता आलं नसतं, कारण तेव्हा ते घडलंच नव्हतं. उलट मोठे पाहुणे कलाकार आले की त्याच्या शब्दांतला हा बारकावा पातळ होतो, अशी चाहत्यांची तक्रार असते. ती सरसकट उडवून लावण्यासारखी नाही.

शब्दांइतकाच कान ठेक्याला द्यायला हवा. रॅपमध्ये मोजायचं एकक म्हणजे बार, चार ठोक्यांचा. भजनातला आठ मात्रांचा केरवा ज्याला हातावर मोजता येतो, त्याला दोन बार मोजता आले असं समजावं. कडवं सहसा १६ बारांचं असतं. मिनिटाला ९० ठोक्यांची गती धरली तर ते सुमारे ४३ सेकंदांत संपतं. तेवढ्यात शब्द कुठे घट्ट बसवायचे, कुठे श्वास सोडायचा, समेच्या आधी यायचं की किंचित मागे रेंगाळायचं, यालाच रॅपवाले फ्लो म्हणतात. पोवाडा गाणारा शाहीर लढाईच्या वर्णनात शब्दांची गती वाढवतो, तीच जात. यमकाचंही तसंच. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येतं आणि चौथा चरण मोकळा सुटतो. त्या सुटण्याचा आनंद ज्याला कळतो, त्याला रॅपरनं यमक ओळीच्या पोटात लपवलेलं लगेच सापडतं.

जुन्या-नव्याची तुलना इथे हिशेबानं करता येते. सुरुवातीच्या गाण्यांत डिव्हाइन ठोक्यावर हातोडा मारल्यासारखा बोलतो, आवाज घोगरा, श्वास कमी. पुढे ठेके बदलले. थाळीसारखा सतत किणकिणणारा तुकडा, खाली खोल घुमणारा खर्ज आणि मध्ये मोकळी जागा, अशा ट्रॅप पद्धतीच्या ठेक्यात ओरडून चालत नाही. तिथे थांबणंही वाजवावं लागतं. तो कमी शब्द बोलायला लागला म्हणून आळशी झाला, असं म्हणण्याआधी ठेक्यानं किती जागा ठेवली आहे ते ऐकावं.

‘गुनहगार’मधलं ‘बाजीगर’ हे गाणं तर शिकण्यासाठीच ठेवल्यासारखं आहे. १९९३ च्या ‘बाजीगर’ चित्रपटातलं अनू मलिक यांनी बांधलेलं शीर्षकगीत त्यात उचलून नव्या ठेक्यावर बसवलं आहे, आणि सोबत अमेरिकेचा रॅपर आर्मनी व्हाइट आहे. याला सॅम्पल म्हणतात. ही चोरी नाही, परवानगी घेऊन करायची जुनी रीत आहे. घरात बापाला चाल ओळखू येते, पोराला ठेका. कुणाला आधी काय ऐकू आलं, यावरच पुष्कळदा ते गाणं आवडणार की नाही हे ठरतं.

जुन्या-नव्याचं हे भांडण मुंबईत सुरू झालेलं नाही. न्यूयॉर्कच्या नास या रॅपरचा पहिला अल्बम ‘इल्मॅटिक’ १९ एप्रिल १९९४ ला आला. तो तेव्हा २० वर्षांचा होता. दहा तुकडे, जेमतेम ४० मिनिटं. येडशीहून निघालेला माणूस बार्शीच्या आसपास पोचेपर्यंत सगळा ऐकून होईल. त्यानंतर नासनं काहीही केलं तरी लोकांनी हाच अल्बम पुढे धरला. १९९६ चा ‘इट वॉज रिटन’ खपला भरपूर, पण बाजारू म्हणून त्याला नावं ठेवली गेली. आज तोच त्याच्या चांगल्या कामांत मोजला जातो. दुसरी तक्रार वर्षानुवर्षं चालली: शब्द पहिल्या दर्जाचे, ठेके मात्र चुकीचे निवडतो. २०२० मध्ये त्यानं हिट-बॉय या एकाच संगीतकाराबरोबर ‘किंग्ज डिसीज’ केला आणि २०२१ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. चाहत्यांची ती तक्रार रास्त होती, असंच यातून दिसलं. चाहता नेहमी चुकतोच असं नाही. त्यानं नेमकं बोट ठेवलं तर ते उपयोगी पडतं. या नासचं डिव्हाइनशी नातंही आहे. तो ‘गली बॉय’चा कार्यकारी निर्माता होता, डिव्हाइनचे अल्बम त्याच्या मास अपील कंपनीच्या भारतीय शाखेशी जोडलेले आहेत, आणि ‘स्ट्रीट ड्रीम्स’ हे नासच्याच १९९६ च्या एका गाण्याचं नाव.

मराठीतून रॅप ऐकणाऱ्यांनी हाच कान ‘स्वदेशी’ या मुंबईच्या समूहाकडे वळवावा. त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ च्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात त्यांच्याबरोबर मुंबईतल्या आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत, आणि झाडं, पाडे, जमीन, सगळं नावानिशी येतं. २०२० मध्ये त्यांचा ‘चेतावनी’ अल्बम आला. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्यातला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, ऐन विशीत गेला. गुजरातीतून रॅप करणारा तो आवाज या समूहात वेगळा ओळखू यायचा. त्यानंतरचं त्यांचं काम आधीच्या कामाशी ताडताना एका माणसाच्या वाट्याचे बार कोण घेतं, की ते मोकळेच सोडले जातात, याकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठी ‘चेतावनी’ आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाणी पुढे न ढकलता, एकदा ऐकलेला असावा.