मूकपटाचा आवाज

श्रोतेहो, मूकपट मुका, पण थिएटर मुके नसे. अमेरिकेतल्या मोठ्या थिएटरांत पडद्यापुढे एकटा वादक ऑर्गनवर बसे. नळ्या, ढोल, झांजा भिंतीआड. पट्टी दाबली की विजेच्या तारेने तिकडची झडप उघडे, पंख्याचा वारा नळीत शिरे आणि स्वर निघे. कीर्तनात मृदंगवाल्याचे लक्ष बुवांकडे, तसे याचे पडद्याकडे. १९२६ च्या ‘द जनरल’मध्ये बस्टर कीटन आगगाडीमागे धावला, की याची बोटेही धावत!

१९२७ नंतर बोलपट फोफावले आणि या वादकांची भाकरी गेली. तरी काही जुन्या थिएटरांत असे खेळ अजून होतात. चित्र शंभर वर्षांचे, वाजवणे मात्र आजचे, ताजे.

गुरुजी, शाळेत मूकपट दाखवाल तेव्हा शेजारी पेटी-तबला बसवून पाहा. मुले कानांनीही चित्र बघतील.