वेशीवरचा फलक आणि गावाची आठवण
(महाजन मंडळाच्या संमेलनात दिलेले व्याख्यान)



देवालयाच्या वाटेवर नवी कमान उभारावयाची झाली, की तिच्यावर काय कोरावे हा प्रश्न प्रत्येक देवस्थानापुढे उभा राहतो. श्रींचे नाव तर असणारच. परंतु त्याखाली कोणाची नावे, किती नावे आणि कोणत्या क्रमाने, येथे खरा वाद असतो. या प्रश्नाचा विचार इंग्लंडातील गावांनी आपापल्या परीने कसा केला, ते आपणांस सांगावे असे मला वाटते.

इंग्लंडच्या पूर्वेस नॉर्फोक नावाचा परगणा आहे. तेथील गावांत शिरताना, किंवा गावच्या मोकळ्या मैदानावर, उंच खांबावर बसविलेला कोरीव व रंगविलेला फलक दृष्टीस पडतो. त्यावर गावाचे नाव असते आणि नावासोबत गावाच्या पूर्वेतिहासाची एखादी खूण असते. कोठे पवनचक्की, कोठे एखादा संत, तर कोठे गावाचा जुना धंदा. राजे सातवे एडवर्ड यांच्या सँड्रिंगहॅम येथील जहागिरीतील गावांतून, विसाव्या शतकाच्या आरंभी, ही प्रथा सुरू झाली असे मानतात. पुढे १९२० साली राजपुत्र आल्बर्ट यांनी, म्हणजे नंतरचे राजे सहावे जॉर्ज यांनी, रॉयल अॅकॅडमीतील भाषणात तिचा पुरस्कार केला. त्याच वर्षी ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने अशा फलकांची स्पर्धा जाहीर केली आणि ही प्रथा देशभर पसरली.

नॉर्फोकमधील स्वॉफम या बाजारगावी हॅरी कार्टर नावाचे एक शिक्षक होते. शाळेत ते चित्रकला व लाकूडकाम शिकवीत. तूतनखामेनची समाधी १९२२ साली शोधून काढणारे हॉवर्ड कार्टर हे त्यांचे नातलग. या हॅरी कार्टरांनी आपल्या हयातीत दोनशेहून अधिक गावांचे फलक घडविले. त्यांच्या स्वतःच्या गावच्या फलकावर पाठीवर गाठोडे घेतलेला एक फेरीवाला आणि त्याचा कुत्रा आहे. राजा नाही, सरदार नाही, धर्मगुरूही नाही.

हा फेरीवाला कोण? गावकरी सांगतात, की जॉन चॅपमन नावाच्या गरीब फेरीवाल्यास स्वप्नात दृष्टांत झाला: लंडनच्या पुलावर जा, तेथे तुला आनंदाची वार्ता कळेल. तो पायी लंडनला गेला आणि पुलावर दिवसामागून दिवस उभा राहिला. शेवटी एका दुकानदाराने त्याला कारण विचारले. ते ऐकून तो हसला आणि म्हणाला, “स्वप्नांवर विश्वास ठेवणारा मी असतो, तर स्वॉफम गावच्या कोणा फेरीवाल्याच्या परसातले झाड खणायला गेलो असतो. तेथे धन पुरले आहे असे मलाही स्वप्न पडते.” फेरीवाला मुकाट्याने घरी परतला. त्याने आपल्याच परसात खणले, धन लाभले, आणि त्या धनातून त्याने चर्चच्या बांधकामास साहाय्य केले. ही कथा एकट्या स्वॉफमची नव्हे. मौलाना रूमींच्या ‘मस्नवी’तही बगदादचा एक मनुष्य अशाच स्वप्नामागे मिसरास जातो आणि आपले धन आपल्याच घरी आहे हे ऐकून परततो.

परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. स्वॉफमच्या चर्चच्या दफ्तरात ‘ब्लॅक बुक’ या नावाची एक जुनी वही आहे आणि तीत देणगीदारांची नोंद आहे. जॉन चॅपमन हे नाव तीत खरोखरच आढळते. पंधराव्या शतकात तो चर्चचा कारभारी होता, आपल्या भाषेत सांगावयाचे तर मुखत्यार. आणि चर्चच्या उत्तरेकडील दालनाचा खर्च त्याने सोसला. एवढे दान करणारा पुरुष दरिद्री फेरीवाला असणे कठीण. तो चांगला सधन असला पाहिजे. ‘चॅपमन’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थच व्यापारी, फेरीवाला असा आहे, आणि त्या नावावरूनच ही कथा त्याला चिकटली असावी.

म्हणजे वही एक सांगते आणि फलक दुसरे. वहीने दात्याचे नाव व त्याचे दान राखले. लोकांनी त्याच दात्याला आपल्यासारखा कष्टकरी करून आपल्या मनात जागा दिली. धनिक म्हणून तो कदाचित विस्मृतीत गेला असता. पाठीवर गाठोडे आले म्हणून तो साऱ्या गावाचा झाला. आणि वही नसती, तर ही कथा निव्वळ कल्पनेची म्हणून कोणी बाजूस सारली असती. दोन्हींची गरज आहे.

केंट परगण्यातील बिडेनडन गावाच्या फलकावर दोन जोडलेल्या बहिणी आहेत. त्यांची नावे मेरी व एलायझा चल्कहर्स्ट अशी सांगतात. त्यांनी गरिबांच्या अन्नासाठी सुमारे वीस एकर जमीन ठेवली अशी परंपरा आहे. त्या जोडलेल्या होत्या काय, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. मात्र त्या जमिनीस ‘ब्रेड अँड चीज लँड्स’ म्हणत, आणि ईस्टरच्या वेळी पाव व चीज वाटण्याची चाल शतकानुशतके चालत आली. १९०७ साली जमीन घरांसाठी विकली गेली, तरी त्या निधीतून दानधर्म सुरूच राहिला. आपल्या देवस्थानांतील इनामे आणि अन्नसंतर्पणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही.

१९४० साली जर्मन आक्रमणाच्या भीतीने इंग्लंडातील रस्त्यांवरचे दिशाफलक आणि गावांची नावे काढून वा झाकून टाकण्यात आली. अनोळखी माणसाला आपण कोठे आहोत हे कळू नये, हा हेतू. गावकऱ्यांना मात्र फलकाची गरज नव्हती. गाव त्यांच्या मुखी होते.

हा अनुभव आपल्या पूर्वजांचाही आहे. सोळाव्या शतकात देवता स्थलांतरित झाल्या तेव्हा बरोबर फलक नेता येत नव्हता. वेर्णे येथील म्हार्दोळातून देवी म्हाळसा प्रियोळास आली आणि तिच्यासोबत म्हार्दोळ हे नावही आले. आजही ते नाव उच्चारताना आपण जुन्या स्थानाचीच आठवण सांगत असतो. नाव हाच त्या लोकांचा फलक होता.

म्हणून माझी विनंती एवढीच. कमानीवर रुपयांच्या क्रमाने नावे कोरण्यापूर्वी एक वही करावी. तीत देणगीदार असावेत. आणि पालखीला खांदा देणारे, वाजंत्री, फुले पुरविणारे, दिवजा पेटविणारे, पिढ्यान्‌पिढ्या सेवा करीत आलेली सारी कुळे असावीत. कोणाची कोणती सेवा, हे सांगू शकणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यांत आहेत. ती नेहमी असणार नाहीत. वही प्रामाणिकपणे पुरी झाली, म्हणजे कमानीवर काय कोरावे हे तीच सांगेल. आणि त्या कोरीव कामाकडे पाहून शेवटच्या सेवेकऱ्याच्या मुलालाही ‘हे आमचे’ असे म्हणता यावे, हीच त्याची कसोटी.