देहातील राजमार्ग आणि आडवाटा

(यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही डॉक्टरांकडून समजून घेतलेली एक गोष्ट आपणासमोर मांडीत आहे, कारण तिच्याशी लेकरांचा जीव निगडित आहे.

आपला जिल्हा कापसाचा. सरकीच्या तेलात सुमारे निम्मे लिनोलेइक आम्ल असते. या स्निग्धाम्लाच्या साखळीत कार्बनचे १८ अणू असतात. पेशीतील तंतुकणिकांमध्ये तिचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पडतात व त्यांतून ऊर्जा मिळते. हा राजमार्ग म्हणजे बीटा-ऑक्सिडीकरण. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांट्स क्नूप यांनी १९०४ साली त्याचा उलगडा केला.

पैनगंगेला पूर आला की रस्ता बंद पडतो आणि वाहतूक आडवाटेने वळते. देहाचेही तसेच आहे. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून गाईच्या पोटात फायटॅनिक आम्ल तयार होते व दूध-तुपातून ते आपल्या शरीरात येते. त्याच्या साखळीला फुटलेली एक फांदी राजमार्ग अडविते. म्हणून प्रथम अल्फा-मार्गाने एक कार्बन काढून टाकावा लागतो.

उपाशीपोटी आणखी एक वाट उपयोगी पडते. यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करते आणि ती मेंदूचे पोषण करतात. परंतु क्वचित एखाद्या बालकात राजमार्गावरील आवश्यक विकर जन्मतःच नसते. अशा बालकाचे ताप-जुलाबात खाणे सुटले की रक्तातील साखर घटते, कीटोन पुरेसे बनत नाहीत आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून चालणारी ओमेगा-वाट अपुरी पडते. बालक गुंगीत जाते; प्रसंगी दगावतेही.

हे वैगुण्य बाहेरून दिसत नाही. म्हणूनच माता-पित्यांना आग्रहाची विनंती आहे की, तापात लंघन घालण्याची जुनी रीत लहान बालकांच्या बाबतीत पाळू नये. तान्ह्याला अंगावरचे दूध, मोठ्या बालकाला पेज थोडी थोडी देत राहावी. जुलाब असल्यास जलसंजीवनीही द्यावी. बालक खात-पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

निसर्गाने देहाला आडवाटा दिल्या आहेत; परंतु वेळेवर भरविलेला घास हा त्या सर्वांहून जवळचा मार्ग आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!