कासची फुलं आणि मॅक्रो लेन्स

कास पठारावर फुलांचे फोटो काढायला निघालात, तर पक्ष्यांसाठी घेतलेली जड टेलिफोटो घरीच राहू द्या. सीतेची आसवं, दवबिंदू ही तिथली फुलं नखाएवढी. त्यांना हवी 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. 60ची स्वस्त पडते, पण तिच्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की आपलीच सावली फुलावर पडते. इतक्या जवळून फोकसमध्ये येतो तो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा भाग. म्हणून अ‍ॅपर्चर एफ 8 ते 11. मग शटर मंदावतं, बुटका ट्रायपॉड लागतो. अर्थात, ट्रायपॉडनं कॅमेरा स्थिर होतो, फूल नाही! वारा पडेपर्यंत थांबायचं. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टर घालवतो. नव्या कॅमेऱ्याआधी तो घ्या. आणि पाय पायवाटेवरच ठेवा.