मागणी आणि गरज

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला विद्यार्थी म्हणून नाव घातले. वर्गात दंतवैद्य होते, आयुर्वेदाचे पदवीधर होते, परिचारिका होत्या. बहुतेक सारे माझ्या मुलीपेक्षा लहान. "सर, तुम्हांला नोकरी करायची नाही, मग हा खटाटोप कशासाठी?" असे त्यांतील एकीने पहिल्याच आठवड्यात विचारले. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपल्यापैकी अनेकांप्रमाणे मीही दिवसरात्र दूरध्वनी करीत होतो. कोणाला खाट हवी, कोणाला प्राणवायू. एका वहीत मी नावे लिहून ठेवली होती. एकंदर सतरा नावे. त्यांपैकी अकरा जणांना रुग्णालयात जागा मिळवून देता आली. त्या वहीचा मला अभिमान वाटत असे, हे कबूल करतो.

पहिल्या सत्रात एका तरुण प्राध्यापिकेने आम्हांला स्वतःच्या अनुभवातील एखादी आकडेवारी वर्गात मांडण्यास सांगितले. मी ती वही नेली. बाईंनी शांतपणे विचारले, "या सतरा जणांकडे तुमचा क्रमांक कसा होता?" कोणी माझे विद्यार्थी, कोणी सहकारी, कोणी शेजारी, कोणी पक्षाचे कार्यकर्ते. माझ्या घरापासून अर्ध्या मैलावर सफाई कामगारांची वस्ती आहे, तिच्यापलीकडे वीटभट्ट्या आहेत. तेथील एकही नाव वहीत नव्हते. बाई म्हणाल्या, "सर, अपूर्णांकाचा अंश तुम्ही आणलात. छेद कुठे आहे?"

मित्रहो, दोन वर्षांच्या अभ्यासात मी जे काही शिकलो, ते या एका प्रश्नाचाच विस्तार होय.

अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात आम्ही सांगतो की, नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. तिच्या पाठीशी क्रयशक्ती असावी लागते. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेला प्रसिद्ध निबंध मी दरवर्षी शिकवीत असे. आजार अनिश्चित असतो, रुग्णाला उपचाराची पारख नसते, म्हणून येथे बाजाराचे नेहमीचे नियम चालत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना पटवून देत असे. परंतु माझ्या डोळ्यांपुढे असे तो दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेला रुग्ण. जो घरातून निघालाच नाही, त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. मागणी मोजणारा अर्थशास्त्रज्ञ या आकड्यांवरून म्हणेल की, तेथे स्त्रीरोगतज्ज्ञाला वाव नाही. गरज मोजणारा म्हणेल की, याहून अधिक वाव कुठे असणार?

वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्य वेचलेले समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली हाच अनुभव नियमाच्या रूपात मांडला: जिथे आरोग्यसेवेची गरज अधिक, तिथे ती कमी उपलब्ध असते, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक, तितका हा नियम कडक होतो.

आता आपल्या देशाचे आकडे पाहू. केंद्र व राज्य सरकारे मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के रक्कम २०२५ पर्यंत आरोग्यावर खर्च करतील, असे २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले. २०२१-२२च्या अधिकृत हिशेबात हे प्रमाण १.८४ टक्के होते. त्याच हिशेबानुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असू शकते. परंतु उपचार न घेणाऱ्या माणसाचा खर्च शून्य असतो, आणि तो शून्यही या टक्केवारीला खालीच ओढतो. म्हणून खर्च किती घटला याबरोबरच उपचाराविना किती जण राहिले, हे विचारल्याशिवाय समाधान मानता येणार नाही.

मागणीची वाट न पाहता गरजेच्या दारात जाणारी एक व्यक्ती आपल्या व्यवस्थेत आहे: आशा कार्यकर्ती. २००५ पासून सुमारे हजार लोकवस्तीमागे एक, अशी ही योजना आहे. कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचा खोकला तीन आठवडे थांबलेला नाही, हे तिला ठाऊक असते. म्हणजे छेद तिच्या नोंदवहीत असतो. आणि तिलाच शासन कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणते; वेतनाऐवजी कामागणिक मोबदला देते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. २०२३च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले.

येथे आपल्याकडे वळतो. आपल्या कार्यालयात येणाऱ्या रुग्णासाठी आपण चिठ्ठी देतो, दूरध्वनी करतो, बिल कमी करून घेतो. हे थांबवा असे मी मुळीच म्हणत नाही. त्या अकरांपैकी काही जण आज हयात आहेत ते कदाचित त्यामुळेच. परंतु हे कामदेखील मागणीलाच उत्तर देते. फरक इतकाच की, येथे पैशाऐवजी ओळख हे चलन आहे. ज्याच्यापाशी पैसाही नाही आणि ओळखही नाही, तो बाजाराच्याही बाहेर राहतो आणि आपल्याही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक तालुका शाखेने एक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडावे. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, हा शासनाचाच मानदंड आहे. तो आपल्याकडे पाळला जातो का, ते पाहावे. गावच्या आरोग्य समितीची सभा कागदावर होते की खरोखर, हे जाऊन पाहावे. आशांच्या वेतनाची मागणी आपली मानावी. आणि मुख्य म्हणजे, जे येत नाहीत त्यांची यादी करावी.

माझ्या वहीची उरलेली पाने मी त्यासाठी ठेवली आहेत. गेल्या वर्षापासून त्या वस्तीतील आशाताईंबरोबर रविवारी घरोघर जातो. आजवर एकशे बारा घरे झाली. पलीकडच्या वीटभट्ट्या अजून राहिल्या आहेत. तिकडे एकट्याच्याने होणार नाही. आपल्यापैकी कोणी येणार असेल, तर सभेनंतर मला भेटावे.